जित्या माणसाची घागर

आश्रमाच्या कमानीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलं होतं, ‘भक्तांचे माहेर’. ते वाचून मी रिक्षातच मोठ्याने हसले. रिक्षावाल्याने वळून पाहिलं आणि पिशवी जरा घाईनेच उतरवून दिली.

आखाजी चार-पाच दिवसांवर आली होती. आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. दिवाळीला लेक माहेरी गेली नाही तर एक वेळ चालतं, आखाजीला गेली नाही तर गल्ली विचारते. मीही माहेरीच आले होते. सोनगीरच्या पुढे हायवे सोडून आत गेल्यावर माळावर जो हा आश्रम आहे, त्याचे महाराज माझे वडील होते. मी आल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मी दिसले तरी त्यांनी ओळखलं नसतं, कारण त्यांनी मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी सहावीत होते.

आमचं घर जळगावात. वडील मूळचे शिंदखेडा तालुक्यातले, पण जळगावला एका डाळमिलमध्ये कामाला लागले आणि तिथेच राहिले. एका सकाळी त्यांनी मी केलेला चहा घेतला, आईने भरून दिलेला डबा पिशवीत टाकला, “दोंडाईच्याला जाऊन येस, संध्याकाळले परत,” म्हणाले आणि गेले. ती संध्याकाळ काही झाली नाही. दोनेक वर्षांनी गल्लीतल्या एकाने येऊन सांगितलं की त्यांनी भगवी कफनी घातली आहे, दाढी वाढवली आहे आणि लोक त्यांच्या पाया पडतात. करून करून भागले नि देवपूजेला लागले, असं आपल्याकडे म्हणतात. पण ह्यांनी केलं काय होतं? एक संसार, तोही अर्धा.

आई त्याच डाळमिलमध्ये डाळ निवडायला जाऊ लागली. उन्हाळ्यात लोकांचे पापड लाटायची. गल्लीतल्या बायका तिला म्हणायच्या, “नशीब काढलंस, साधूची बायको तू.” ती हसायची. मला मात्र त्या बायकांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटायच्या. मी शिकले, शाळेत लागले, लग्न केलं, आईला माझ्याकडे आणलं. वडील ह्या विषयावर ती कधी बोलली नाही आणि मीही उकरलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ती आजारी पडली ती उठलीच नाही. शेवटी शेवटी तिची एकच इच्छा राहिली होती, की त्यांनी एकदा येऊन जावं. मी आश्रमाचा नंबर शोधून फोन लावला. व्यवस्थापकाने घेतला. “महाराजांच्या घरून बोलतेय,” म्हटल्यावर तो जरा गडबडला, मग म्हणाला, विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. “महाराजांनी निरोप दिलाय. साधूला मागचं काही नसतं. प्रसाद पाठवतोय.” आई गेली. मी तेही कळवलं. तिच्या दहाव्यानंतर कुरियरवाला एक पाकीट देऊन गेला. आत खडीसाखर आणि अंगाऱ्याची पुडी होती.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. खडीसाखर मी मुंग्यांना घातली, अंगारा बेसिनमध्ये सोडला. ह्या माणसाला मी असं सोडणार नाही, हे तेव्हाच ठरलं. कसं, ते ठरायला मात्र फाल्गुन उजाडला.

ते सुचलं आमच्या कॉलनीतल्या एका बाईमुळे. आखाजीला आमच्याकडे घरातल्या मेलेल्या माणसांची घागर भरतात. मातीची नवी घागर आणायची, मेलेल्याचं नाव मोठ्याने घेऊन तिच्यात पाणी ओतायचं, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, सांजोऱ्या ठेवायच्या, आंबा ठेवायचा. मग त्या मेलेल्याच्या जागी एका जिवंत माणसाला पाटावर बसवून पोटभर जेवू घालायचं. पुरुषासाठी पुरुष बसतो, बाईसाठी सवाशीण बसते. जो बसतो त्याला त्या दिवसापुरतं पितर म्हणतात. कॉलनीतली बाई सांगत होती की सोनगीरच्या पुढच्या आश्रमात फार चांगली सोय आहे. ज्याला पितर बसवायला भाऊबंदांतलं कोणी नाही, त्याच्यासाठी तिथले महाराज स्वतः बसतात. मात्र आधी काही दिवस तिथे राहून सेवा करावी लागते.

मी हातातली भाजी खाली ठेवली. मला भाऊ नाही, काका नाही, बाप पळालेला. भाऊबंदांतलं कोणी नसलेलं माणूस माझ्याइतकं अस्सल दुसरं कुठे मिळणार होतं? मी जाणार होते, वडिलांची घागर भरणार होते आणि तिच्यासमोर पाटावर त्यांनाच बसवणार होते.

जित्या माणसाची घागर भरणं म्हणजे त्याला मारून टाकणं. आमच्याकडे कोणी शत्रूच्याही बाबतीत असं करत नाही. पण माझा हिशेब सरळ होता. नाव ऐकून ते पाटावरून उठले, “मी जिवंत आहे” म्हणाले, तर सगळ्या भक्तांसमोर कळणार होतं की हा बायको-पोरीला टाकून पळालेला माणूस आहे. नाही उठले, तर स्वतःच्या मरणाचं जेवण त्यांना माझ्या हातून जेवावं लागणार होतं. दोन्हीकडून मला हवं तेच होणार होतं. मला त्यांचा चेहरा पडलेला बघायचा होता. आईसाठी वगैरे म्हणून मी ते सजवणार नाही. मला स्वतःलाच ते हवं होतं.

आश्रमात बायकांसाठी पत्र्याची एक लांब खोली होती. बाहेर चव्वेचाळीस अंश आणि आत त्याहून जास्त. एक कूलर होता, पण त्याचं तोंड देवाच्या तसबिरीकडे होतं आणि ते फिरवायची परवानगी नव्हती. पहाटे काकडआरती, मग चहा, चहा म्हणजे गरम गोड पाणी. मग सेवा. मला आधी अंगण झाडायला दिलं, मग धान्य निवडायला, मग स्वयंपाकघरात. टँकर आला की सगळ्या हंडे घेऊन धावायच्या आणि नामस्मरण करत करतच एकमेकींना कोपराने ढकलायच्या. मोबाईल कपाटात जमा करायचा. दानपेटीवर मात्र स्कॅन करायचा चौकोन चिकटवलेला होता. मोबाईल कपाटात असताना तो कसा वापरायचा हे मी व्यवस्थापकाला विचारलं, तर तो म्हणाला, “ताई, तेवढ्यापुरता काढून देतो.”

जेवणात कांदा नाही, लसूण नाही, तिखट तर नावालाही नाही. खानदेशात जन्मलेल्या माणसाला असं जेवू घालणं हा खरं तर गुन्हा धरायला हवा. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गादीवरच्या बाईने पदराआडून एक डबी पुढे केली. आत लाल मिरचीचा ठेचा होता.

“खाय ले, माय,” ती कुजबुजली. “आठे बठ्ठं शे, फक्त तिखट नही.”

ही दोंडाईच्याची अक्का. तिच्या घरी मिरचीचा व्यापार. दरवर्षी आखाजीच्या आधी ती आश्रमात येऊन राहायची. मी विचारलं, भक्ती फार दिसते तुमची. ती म्हणाली, “भक्ती कसानी? मना घरना माणूस दिनभर मिरचीना ढिगावर बसस, आनी घर येस ते तितलाच तिखट. आठ दिन शांती भेटस.” मला ती बाई फार आवडली. त्या सगळ्या आश्रमात खरं बोलणारी ती एकटीच होती, आणि मीसुद्धा तिच्याशी खोटं बोलत होते.

महाराज सकाळी दर्शनाला बसायचे. पहिल्या दिवशी रांगेत उभी राहून मी पुढे गेले. दाढी पांढरी झाली होती. डाव्या भुवईवरचा व्रण तसाच होता, मिलच्या पट्ट्याने लागलेला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “कुठून आलात, माई?” मी म्हटलं, जळगावहून. “मुलंबाळं?” मी म्हटलं, एक मुलगी. “सुखी राहा,” म्हणाले आणि हातावर दोन फुटाणे ठेवले. पुढची बाई सरकली. तोंडात धरलेले ते फुटाणे मी तुळशीपाशी जाऊन थुंकले. ओळखू नये असं मलाच हवं होतं. आणि त्यांनी ओळखलं नाही म्हणून संतापही मलाच आला.

ते बोलायचे कसे, तर निम्मी हिंदी, निम्मी पुस्तकी मराठी. घरी ते आमच्याशी अहिराणीच बोलायचे. संध्याकाळी प्रवचन असायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या वैराग्याची कथा सांगितली. ती ते दरवर्षी सांगतात म्हणे आणि बायका दरवर्षी रडतात. मध्यरात्र होती. पत्नी झोपली होती, लहान कन्या तापाने फणफणली होती. पाऊल उंबऱ्याबाहेर टाकणार तोच कन्येने झोपेत “बाबा” म्हणून हाक मारली. मायेने पाय धरला. पण महाराजांनी मनावर दगड ठेवला आणि मागे न बघता अंधारात निघून गेले.

बायका डोळ्याला पदर लावत होत्या. मी मागे बसून मुठी आवळत होते. कसली मध्यरात्र? सकाळची वेळ होती, रेडिओवर शेतीचा कार्यक्रम चालू होता. मला ताप नव्हता. मी त्यांना चहा दिला होता आणि त्यांनी “साखर कमी शे” म्हणून पुन्हा मागून घेतली होती. आईने डब्यात वांग्याची भाजी दिली होती. मी त्यांना आयुष्यात कधी बाबा म्हटलं नाही, भाऊ म्हणायचे. आमच्याकडे बापाला भाऊच म्हणतात. सोडून गेलात ते गेलात, वर आमच्या घरातल्या साध्या सकाळची अशी तमाशाची रात्र करून विकता? अक्काने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “तुले काय व्हयनं?” मी म्हटलं, उकडतंय.

दुसऱ्या दिवशी महाराजांच्या खिचडीची पाळी माझ्याकडे आली. मी तिच्यात मीठच घातलं नाही. म्हटलं, बघू. त्यांनी ती खिचडी ताट पुसून खाल्ली आणि “माईंच्या हाताला भाव आहे” असा निरोप पाठवला. आईच्या हातच्या जेवणाला ह्याच तोंडाने रोज नाव ठेवलं जायचं. त्या दिवशी उरलीसुरली दयामायाही माझ्या मनातून गेली.

आखाजीच्या आदल्या दिवशी व्यवस्थापक विचारत आला, कोणाकोणाला घागर भरायची आहे. मी म्हटलं, मला दोन भरायच्या आहेत. आईची, ती ह्या हिवाळ्यात गेली. आणि वडिलांची.

“वडील कधी गेले?”

“मी सहावीत असताना.”

“अरेरे. मग पितर बसायला कोणी नाही?”

“कोणी नाही.”

“काळजी करू नका ताई, महाराज बसतील.” त्याने चुकूनही पुढचं काही विचारलं नाही. माणूस खरंच मेला का, हे आमच्या खानदेशात घागर भरणाऱ्याला कोणी विचारत नाही. जित्या माणसाची कोणी भरेल, असं कोणाच्या स्वप्नातही येत नाही. आईसाठी सवाशीण म्हणून अक्का लगेच तयार झाली. “चांगलं चुंगलं खावाले भेटस ते मी कोनीबी माय व्हस,” ती म्हणाली.

आखाजीच्या सकाळी आम्ही बायकांनी चुली पेटवल्या. त्या एका दिवशी आश्रमातही पुरणाचे मांडे करतात, उपड्या खापरावर, हातावर वाढवून वाढवून. मला ते आईने शिकवलेलं आहे. मी मन लावून केले. खोटं कशाला बोलू, इतकं मन लावून मी कोणाच्या बारशालाही केले नसतील. आमरस, भजी, कुरडया, कढी, भात आणि पुरणाच्या डाळीच्या पाण्याची रशी. ह्या वेळी कढीत मीठ बरोबर घातलं. ह्या जेवणाला नाव ठेवायला मला जागा ठेवायची नव्हती.

मंडपात दोन पाट मांडले होते, शेजारी शेजारी. त्यांच्यासमोर माझ्या दोन घागरी. माझ्याआधी सोनगीरच्या एका म्हाताऱ्या नानांनी आपल्या वडिलांची घागर भरली. वडिलांच्या जागी पितर म्हणून नानांचा भाचा बसला होता. मग माझी पाळी आली. एका पाटावर अक्का नवी साडी नेसून बसली. दुसऱ्या पाटावर महाराज येऊन बसले. मंडपात सगळे भक्त बघत होते. मी तांब्या उचलला.

आधी आईची घागर. मी तिचं नाव घेतलं, तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं, आडनाव घेतलं आणि पाणी ओतलं. महाराज पळसाच्या पत्रावळीवरचं काहीतरी बोटाने नीट करत होते. ते बोट थांबलं. त्यांचं जुनं नाव तिथे कोणालाही माहीत नव्हतं. साधूला कोणी ते विचारत नाही. मग मी दुसरा तांब्या भरला आणि दुसऱ्या घागरीवर धरला. त्यांचं नाव घेतलं. त्यांच्या वडिलांचं नाव घेतलं. शिंदखेड्याजवळच्या त्यांच्या गावाचं नाव घेतलं. प्रत्येक शब्द सुटा सुटा म्हटला आणि पाणी ओतत राहिले. डोळे मी घागरीवर ठेवले नव्हते, त्यांच्यावर ठेवले होते.

त्यांनी मान वर केली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोक्यावर हात ठेवताना बघतात तसं नाही, खरोखर बघितलं. त्यांना कळलं. भुवईवरचा व्रण हलला. उठतील असं मला वाटलं. मनात म्हणत होते, उठा भाऊ, उठा आणि सांगा ह्यांना.

“वाढा, माई,” ते म्हणाले. आवाजात जराही फरक नव्हता.

मी वाढलं. ते जेवले. मांडा तोडून रसात बुडवला, भजी खाल्ली, कुरडई खाल्ली, कढी प्यायली, पुन्हा भात मागून घेतला. शेजारी अक्का आरामात जेवत होती, तिला कसलीच घाई नव्हती. महाराज आटोपून हात धुवायला वळले तेव्हा ती म्हणाली, “थांबा, महाराज. जोडीनी बठेल शेत ना, मंग जोडीनीच उठनं पडस.” लोक हसले. महाराज थांबले. आईचं जेवण होईपर्यंत ते बसून राहिलेत, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. अक्काने दुसरा मांडा मागून घेतला आणि मी तो तिला फार प्रेमाने वाढला.

मग त्यांनी हात धुतले, डोळे मिटले आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाले, “तुमचे वडील तृप्त झाले, माई. त्यांना गती मिळाली. आता त्यांचं इथे काही राहिलं नाही.”

लोकांनी हात जोडले. कोणीतरी जयजयकार केला. माझ्या हातात वाढायचा चमचा होता, तो मला फेकून मारावासा वाटला. डाव माझ्यावरच उलटला होता. मी त्यांना मारायला आले आणि त्यांनी ते मरण खडीसाखरेसारखं तोंडात टाकलं. सुटायचंच तर होतं त्यांना! इतकी वर्षं जे अर्धवट राहिलं होतं, ते मी माझ्या हाताने, तूप वाढून पुरं करून दिलं. आता पुढच्या वर्षी प्रवचनात हेही येणार, आणि बायका त्यालाही रडणार.

मी तशीच उभी राहिले. सगळे पुढच्या घरच्या घागरीची तयारी करायला लागले. मग माझ्या तोंडून निघालं, आणि ते मी ठरवून आणलेलं नव्हतं. “आमच्याकडे पितर जेवला की त्याला वाटेला लावतात. फाटकापर्यंत पोचवतात.”

व्यवस्थापक म्हणाला, “अहो ताई, महाराज इथेच राहतात. त्यांना पोचवायचं कुठे?”

“ते महाराजांचं झालं,” मी म्हटलं. “मी माझ्या वडिलांना पोचवतेय. जेवून झाल्यावर पितर घरात थांबत नाही.”

अक्का पाटावरूनच बोलली, “पोर खरं बोलस. पितर जेवीसन घरमा ऱ्हास का कथी? वाटे लावनं पडस.” सोनगीरच्या नानांनीही मान हलवली. म्हाताऱ्या माणसांनी होय म्हटल्यावर व्यवस्थापक काय बोलणार? महाराज माझ्याकडे पाहत होते. मग ते उठले आणि “चला” म्हणाले.

मी तांब्या घेतला आणि त्यांच्या मागे चालू लागले. मंडपापासून फाटकापर्यंत झाड नाही. ऊन मावत नव्हतं. त्यांच्या खडावा मंडपाच्या कडेला राहिल्या होत्या आणि ते अनवाणी चालत होते. जमीन तापली होती, ते पाय भरभर उचलत होते. थांबा, खडावा आणते, असं म्हणायला मला एक शब्द पुरला असता. मी तो म्हटला नाही. माझ्या पायात चपला होत्या.

फाटकाबाहेर ते उभे राहिले. मंडपातून आम्ही दिसत होतो पण ऐकू जात नव्हतं. मी त्यांच्या पायांवर पाणी ओतलं. रीत असते म्हणून ओतलं. ते वाफेसारखं नाहीसं झालं. पितराने आता मागे न बघता निघायचं असतं. ते निघाले नाहीत. इकडे तिकडे बघितलं, आणि मग मी लहानपणी ऐकायचे त्या आवाजात, त्या अहिराणीत म्हणाले, “आंडेर…”

लेकीला आमच्याकडे आंडेर म्हणतात.

“तू मोठी व्हयी गयी.”

मी तांब्या दुसऱ्या हातात घेतला.

“तुन्ही माय,” ते म्हणाले आणि थांबले. मंडपात ज्याचा आवाज जराही हलला नव्हता, त्या माणसाला पुढचं वाक्य बोलता येईना. “शेवटले तिनी मन्हं नाव लिधं का?”

म्हणजे मेलेल्या माणसाला अजून काहीतरी हवं होतं. गती मिळाली, इथे काही राहिलं नाही, असं मंडपात सांगून आलेले महाराज फाटकाबाहेर एवढ्यासाठी थांबले होते. मी आश्रमात येऊन जे शोधत होते ते त्यांनी स्वतःच माझ्या हातात आणून दिलं.

“नाही,” मी म्हटलं.

“एक डाव बी नही?”

“एकदाही नाही. तुमचं नावच तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. मला विचारायची, त्यांचं नाव काय होतं गं.”

त्यांचा चेहरा मी पाहिला. तो कसा झाला हे मी लिहीत बसणार नाही. मला पुरेल इतका तो झाला. ते फाटकाजवळच्या मोरीच्या कठड्यावर बसले. दगड तापलेला असणार, पण त्यांना ते कळलेलं दिसलं नाही. मी तांब्या उपडा केला आणि आत वळले. मंडपात व्यवस्थापक विचारत होता, महाराज बाहेर का बसलेत. मी म्हटलं, बसू दे थोडा वेळ. दुपारच्या गाडीने मी धुळ्याला आणि तिथून जळगावला आले. येताना अक्काने ठेच्याची डबी माझ्या पिशवीत टाकली.

खरं काय ते सांगते. जुन्या बायकांसारखी आईही नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. दवाखान्यात, शाळेत नाव सांगायची वेळ आली की मला पुढे करायची. पण शेवटचे दोन दिवस ती दुसरं काही बोललीच नाही. त्यांचं नाव, नुसतं नाव, एकेरी, जसं कोणी अंगणातल्या माणसाला घरात बोलवावं तसं. नर्स विचारायला लागल्या, हे कोण, त्यांना बोलवा की. मी आईला सांगत होते, येतायत, निघालेत, धुळ्यापर्यंत आलेत. तेव्हा व्यवस्थापकाचा निरोप येऊन गेलेला होता. शेवटचं जेव्हा मी “आलेच” म्हटलं, तेव्हा तिने डोळे न उघडता विचारलं, “माझं कुंकू नीट आहे का?”

हे मी त्यांना सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. त्यांच्या आश्रमात पोथीशिवाय दुसरं काही वाचत नाहीत, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.